घर शोधताना : नोंदणीचा शिक्का आणि मालकीचा हक्क

मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश दिले. या इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करण्यात आल्या होत्या आणि त्यांच्या आधारे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे महारेराकडे, प्रकल्पांची नोंदणीही मिळवण्यात आली होती. तेथे सदनिका घेणाऱ्या कुटुंबांकडे महारेरा क्रमांक होता, नोंदणीकृत दस्त होते, मुद्रांक शुल्क भरल्याच्या पावत्या होत्या आणि अनेकांना गृहकर्जही मिळाले होते. सर्वसामान्य खरेदीदार ज्यांना खात्रीच्या खुणा मानतो, त्या जवळपास साऱ्या खुणा येथे हजर होत्या. नव्हती ती केवळ महापालिकेची खरी परवानगी.

घर शोधणे याचा रूढ अर्थ परिसर, किंमत, शाळा, स्थानक आणि पाण्याची सोय पाहणे असा होतो. हा शोध बहुतेक कुटुंबे चोखपणे करतात. त्यानंतरचा कागदपत्रांचा शोध मात्र मध्यस्थ, बँक किंवा विकासकाचा वकील यांच्यावर सोपवला जातो. यांपैकी कोणाचेही हित खरेदीदाराच्या हिताशी पूर्णपणे जुळत नाही.

नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे

नोंदणी अधिनियम १९०८ नुसार स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा दस्त नोंदवणे बंधनकारक आहे. दुय्यम निबंधक दस्त करून देणाऱ्या व्यक्तींची ओळख, मुद्रांक शुल्क आणि दस्ताची बाह्य पूर्तता तपासतो. विकणारा खरोखर मालक आहे काय, याचा निवाडा तो करत नाही. भारतात मालकी हक्काची हमी शासन देत नाही. कागदपत्रांच्या साखळीवरून मालकीचे अनुमान काढले जाते आणि सबळ पुराव्याने ते अनुमान न्यायालयात खोडून काढता येते. ज्याने चुकीच्या माणसाकडून घर घेतले, त्याचा दस्त निर्दोषपणे नोंदलेला असला तरी त्या आधाराने त्याला मालकी मिळत नाही.

महसुली अभिलेखांचीही तीच गत आहे. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये सातबारा, उत्तर प्रदेशात खतौनी, तामिळनाडूत पट्टा, पश्चिम बंगालमध्ये पर्चा, कर्नाटकात पहाणी अशी नावे बदलतात. हे अभिलेख मूलतः शेतसारा वसुलीच्या गरजेतून निर्माण झाले. सातबारावरील नाव हा मालकीचा महत्त्वाचा पुरावा असला तरी निर्णायक पुरावा नाही, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. मालमत्ता कराची पावती तर त्याहूनही दुर्बळ असते. कर बेकायदा बांधकामावरही आकारला जातो.

म्हणून मालकीची साखळी खरेदीदारालाच जुळवावी लागते. आजच्या विक्रेत्याकडे मालमत्ता कोणाकडून आली, त्याच्याकडे कोणाकडून आली, असे मागे जात साधारण ३० वर्षांचा शोध घेण्याचा प्रघात वकिलांमध्ये आहे. या मुदतीला तर्क आहे. मुदत अधिनियम १९६३ नुसार हक्काच्या आधारे ताबा परत मागण्याचा खासगी दावा १२ वर्षांत, तर शासनाचा दावा ३० वर्षांत दाखल करावा लागतो. महाराष्ट्रात हा शोध सूची क्रमांक २ च्या आधारे घेतला जातो. दक्षिणेकडील राज्यांत निबंधक कार्यालयातून ठरावीक कालावधीचे बोजा प्रमाणपत्र मिळते. विक्री, गहाण, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र अशा नोंदणीकृत व्यवहारांचा त्यात समावेश असतो.

परंतु नोंदणी कार्यालयाच्या शोधात न सापडणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे मूळ कागदपत्रे बँकेकडे ठेवून केलेले गहाण. अनेक राज्यांत ते नोंदणीविना होऊ शकते. यासाठी २०११ मध्ये ‘सरसाई’ ही केंद्रीय नोंदवही सुरू झाली. वित्तीय संस्थांच्या तारणाची माहिती तेथे शुल्क भरून कोणालाही पाहता येते. एकच सदनिका दोन-तीन बँकांकडे तारण ठेवण्याच्या फसवणुकीवरील हा उपाय आहे आणि त्याचा वापर सामान्य खरेदीदार फारच कमी करतात.

दुसरी गोष्ट प्रलंबित दाव्याची. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ मधील कलम ५२ नुसार दावा चालू असताना घेतलेली मालमत्ता त्या दाव्याच्या निकालाच्या अधीन राहते, मग खरेदीदाराला दाव्याची माहिती असो वा नसो. पूर्वीच्या मुंबई प्रांताने १९३९ मध्ये या कलमात दुरुस्ती केली. त्यामुळे महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवलेली असेल, तरच ती खरेदीदारावर बंधनकारक ठरते. ज्या राज्यांत अशी दुरुस्ती नाही, तेथे हे संरक्षण मिळत नाही. दिल्ली, हैदराबाद किंवा इंदूरमध्ये स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबाने महाराष्ट्रातील सवयीवर विसंबणे त्यामुळे धोक्याचे ठरू शकते. ई-कोर्ट प्रणालीवर पक्षकारांच्या नावाने होणारा शोध हा तेथील किमान उपाय आहे.

वारसांचा प्रश्न याहून नाजूक असतो, कारण तो घराच्या भिंतीआड असतो. वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीवर भावांच्या सह्या आहेत आणि बहिणींच्या नाहीत, हे चित्र देशभर दिसते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः सहदायकाचा हक्क दिला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. बहिणीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलेले नसेल, तर तिचा हिस्सा विकला गेला असे मानता येत नाही. विकल्या जाणाऱ्या मालमत्तेत अज्ञान वारसाचा स्वतंत्र हिस्सा असल्यास पालकाला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. गृहनिर्माण संस्थेतील नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे भाग दाखला झाला, एवढ्याने ती व्यक्ती इतर वारसांना डावलून मालक होत नाही. घर पाहायला गेल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याइतकीच विक्रेत्याच्या वंशवृक्षाची चौकशी करणे अशिष्ट मानले जाऊ नये.

साठेखत, खरेदीखत आणि कुलमुखत्यारपत्र

साठेखत हा भविष्यात विक्री करण्याचा करार असतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ नुसार केवळ या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. हक्क जातो तो खरेदीखताने. कुलमुखत्यारपत्र तर निव्वळ प्रतिनिधित्वाचा कागद आहे. सर्वसाधारणपणे ते देणाऱ्याच्या मृत्यूनंतर संपुष्टात येते. तरीही दिल्ली आणि परिसरात साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशा तीन कागदांच्या संचावर वर्षानुवर्षे घरे हातोहात फिरली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात अशा व्यवहारांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असा निर्णय दिला. दिल्लीतील १,७३१ अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांना या कागदांच्या आधारे हक्क देण्यासाठी २०१९ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. तो त्या वसाहतींपुरताच आहे. इतरत्र असे कागद दाखवून ‘सगळे असेच घेतात’ म्हणणाऱ्या मध्यस्थाचा युक्तिवाद खरा असतो, पण उपयोगाचा नसतो.

महाराष्ट्रात सदनिकांची पद्धत थोडी वेगळी आहे. येथे विकासकाशी नोंदणीकृत करार होतो, पूर्ण मुद्रांक शुल्क त्यावरच भरले जाते, पुढे सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन होते आणि जमीन व इमारतीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे व्हावे लागते. हे अखेरचे पाऊल असंख्य इमारतींत पडलेलेच नाही. परिणामी जमीन विकासकाच्या किंवा मूळ मालकाच्या नावे राहते आणि पुनर्विकासाच्या वेळी वाढीव चटई क्षेत्र निर्देशांकावर हक्क कोणाचा, हा वाद उभा राहतो. २००८ मध्ये कायद्यात आलेल्या मानीव अभिहस्तांतरणाच्या तरतुदीने विकासकाच्या सहीशिवायही हा मार्ग खुला केला. जुनी सदनिका घेताना संस्थेचे अभिहस्तांतरण झाले आहे काय, हा प्रश्न रंगकाम आणि फरशीच्या आधी विचारण्याजोगा आहे.

रेराचे संरक्षण आणि त्याच्या मर्यादा

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम २०१६ हा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. पश्चिम बंगालने स्वतःचा वेगळा कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये तो रद्द ठरवला. या कायद्यापूर्वी खरेदीदाराच्या बाजूने जवळजवळ काहीच नव्हते, हे लक्षात घेता त्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. नोंदणीकृत करार करण्यापूर्वी विकासक किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी स्वतंत्र बँक खात्यात ठेवावा लागतो. मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा असल्यास दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. ठरलेल्या तारखेला ताबा न मिळाल्यास खरेदीदार व्याजासह रक्कम परत मागू शकतो. हा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रकरणात सांगितले.

मात्र जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर नोंदणी बंधनकारक नाही. लहान शहरांतील आणि गावठाणांतील अनेक इमारती त्यामुळे या छत्राबाहेर राहतात. शिवाय नोंदणीच्या वेळी सादर होणारी माहिती मूलतः विकासकाच्या प्रतिज्ञापत्रावर उभी असते. डोंबिवलीच्या प्रकरणाने हीच फट उघड केली. रेराच्या संकेतस्थळावर ठेवलेले बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र उतरवून घेणे आणि त्याचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळणे, ही अर्ध्या दिवसाची धावपळ आहे. पालिकेत माहिती मिळण्यास टाळाटाळ झाल्यास माहितीचा अधिकार वापरता येतो.

आदेश आणि प्रत्यक्ष वसुली यांतही अंतर आहे. रेराने परताव्याचा आदेश दिल्यानंतर विकासकाने रक्कम दिली नाही, तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली करावी लागते आणि ती रेंगाळते. विकासक दिवाळखोरीत गेला तर चित्र आणखी बदलते. २०१८ पासून दिवाळखोरी संहितेत घरखरेदीदारांना वित्तीय धनकोंचा दर्जा आहे. तथापि २०२० च्या दुरुस्तीनंतर अर्ज दाखल करण्यासाठी एकाच प्रकल्पातील किमान १०० किंवा एकूण १० टक्के खरेदीदारांना एकत्र यावे लागते. आम्रपाली समूहाच्या प्रकल्पांत सुमारे ४२ हजार खरेदीदार अडकले होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये त्या समूहाची रेरा नोंदणी रद्द करून उर्वरित बांधकाम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवले. रखडलेल्या प्रकल्पांवरील अमिताभ कांत समितीच्या २०२३ मधील अहवालात अशा घरांची देशातील संख्या ४.१२ लाख असल्याचा भारतीय बँक संघाचा अंदाज नमूद आहे.

चटई क्षेत्र आणि किंमत

जाहिरातीतील चौरस फूट आणि पायाखालील चौरस फूट यांत तफावत असते. जिना, लिफ्ट, प्रवेशदालन यांचा वाटा मिळवून सांगितलेले क्षेत्र म्हणजे सुपर बिल्ट-अप. रेरा कायद्यानुसार विक्री चटई क्षेत्राच्या आधारे करावी लागते. सदनिकेच्या आतील वापरण्यायोग्य क्षेत्र आणि आतील विभाजक भिंती त्यात धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, सेवा-वाहिन्यांची पोकळी, बाल्कनी आणि खासगी गच्ची वगळली जाते. पुनर्विक्रीच्या घरांत मात्र जुनी भाषा अजूनही चालते. १,००० चौरस फुटांचे घर ८,००० रुपये दराने ८० लाखांना सांगितले आणि चटई क्षेत्र ७०० चौरस फूट निघाले, तर खरा दर सुमारे ११,४०० रुपये होतो. दोन घरांची तुलना याच दराने करावी. स्टिल्टखालील वाहनतळाची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात दिला आहे.

आता पैशाचे गणित. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सर्वसाधारणपणे या किमतीत धरली जात नाही. मुंबईत ८० लाखांचे तयार घर घेणाऱ्याला अधिकाधिक ६४ लाख कर्ज मिळेल. स्वतःचे १६ लाख, ६ टक्के दराने मुद्रांक शुल्काचे ४ लाख ८० हजार आणि नोंदणी फी ३० हजार मिळून २१ लाख १० हजार रुपये हाताशी लागतील. मध्यस्थाची दलाली, वकिलाचे शुल्क आणि संस्थेची हस्तांतरण फी वेगळी. घर बांधकामाधीन असेल तर ५ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी ४ लाख येतात. ४५ लाखांपर्यंतच्या आणि क्षेत्राच्या मर्यादेत बसणाऱ्या परवडणाऱ्या घरांवर हा कर १ टक्का आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर तो लागत नाही. महाराष्ट्रात महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे; दिल्लीत पुरुषांसाठी ६ आणि महिलांसाठी ४ टक्के असे दर आहेत. ठरलेली किंमत आणि शासकीय मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावर शुल्क आकारले जाते. या शासकीय मूल्याला महाराष्ट्रात रेडी रेकनर, दिल्लीत सर्कल रेट, गुजरातमध्ये जंत्री म्हणतात.

व्यवहार ५० लाख किंवा अधिक रकमेचा असल्यास खरेदीदाराने १ टक्का उद्गम कर कापून सरकारजमा करायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल तर कपातीचा दर बराच जास्त असतो आणि ती न केल्यास जबाबदारी खरेदीदारावर येते. काही रक्कम रोखीने देण्याची सूचना आजही सर्रास केली जाते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. शिवाय व्यवहार मोडला, तर रोख दिलेल्या रकमेचा पुरावा खरेदीदाराकडे उरत नाही.

कर्ज मंजूर झाले म्हणजे कागद निर्वेध आहेत, हा समज व्यापक आहे. बँकेचा वकील बँकेच्या तारणाची तपासणी करतो. त्यात चूक झाली तरी हप्ते खरेदीदारालाच भरावे लागतात. ताबा मिळेपर्यंत विकासक हप्ते भरेल, अशा योजनांतही करार बँक आणि खरेदीदार यांच्यात असतो. विकासकाने हप्ते थांबवल्यावर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील असंख्य कुटुंबांना बँकांच्या नोटिसा आल्या, त्या याच कारणाने.

भोगवटा प्रमाणपत्र

मंजूर आराखड्याप्रमाणे बांधकाम झाले असून इमारत राहण्यास योग्य आहे, असे स्थानिक प्राधिकरणाने दिलेले हे प्रमाणपत्र आहे. ते नसताना ताबा घेणे नियमबाह्य असूनही शहरोशहरी लोक अशा इमारतींत राहतात. कोचीजवळील मराडू येथे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे उल्लंघन करून उभी राहिलेली चार संकुले सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी स्फोटकांनी पाडण्यात आली. रहिवाशांना प्रत्येकी २५ लाखांपर्यंत अंतरिम भरपाईची तरतूद झाली. नोएडातील सुपरटेकचे दोन मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी पाडले गेले, तेव्हा खरेदीदारांना १२ टक्के व्याजासह पैसे परत देण्याचा आदेश होता. दोन्ही ठिकाणी बांधकाम परवाने स्थानिक यंत्रणांनीच दिले होते. म्हणजे परवाना खरा आहे एवढे पाहून भागत नाही; तो कोणत्या क्षेत्रात आणि कोणत्या नियमाखाली दिला, हेही पाहावे लागते. पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय बँकांनी इमारतीच्या तारणावर कर्ज मंजूर करू नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिले आहेत.

राज्य बदलले की प्रश्न बदलतात

बेंगळुरूत ‘ए’ आणि ‘बी’ खात्याचा भेद पाहावा लागतो. ‘बी’ खाते नियमांतील त्रुटी असलेल्या मालमत्तांचे असते आणि त्यावर कर्ज मिळणे कठीण जाते. नोएडात जमीन प्राधिकरणाच्या भाडेपट्ट्यावर असते. विकासकाने प्राधिकरणाची देणी थकवल्यास, पूर्ण पैसे भरून राहायला गेलेल्या कुटुंबाच्या घराचीही नोंदणी अडते. हिमाचल प्रदेशात बिगरशेतकऱ्याला जमीन घेण्यासाठी कलम ११८ खाली शासनाची परवानगी लागते. महाराष्ट्रातही शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, त्यामुळे शहराबाहेरच्या ‘फार्महाऊस’च्या भूखंडात बिगरशेती आदेश आणि गुंठेवारीचे नियमितीकरण हे दोन्ही तपासावे लागते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यामुळे विवाहित विक्रेत्याच्या जोडीदाराची संमती आवश्यक असते, मग कागदावर नाव एकाचेच का असेना. वारसाहक्काने आलेल्या गोव्यातील घरासाठी वारसनिश्चिती आणि वाटणीची स्वतंत्र कार्यवाही झाली आहे काय, हे पाहावे लागते.

ताब्यानंतर

खरेदीखताबरोबर काम संपत नाही. महसुली अभिलेखात फेरफार, मालमत्ता कर आणि वीजजोडणीवर नाव, संस्थेत सभासदत्व ही कामे लगेच उरकणे इष्ट असते. बांधकामातील दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणल्यास ते विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावेत, असे रेरा कायदा सांगतो. तक्रार लेखी करावी आणि छायाचित्रे तारखेसह जपावीत. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करणे १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. विलंबाबद्दल दररोज ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. कागद परत घेताना कर्ज घेतेवेळी बँकेने दिलेल्या यादीशी ते एकेक करून ताडून पाहावेत आणि ‘सरसाई’वरील बोजाची नोंद उतरवल्याचा पुरावा मागून घ्यावा.